पंधराचं झाकण, आठचं इंजिन

होडीचं जुनं इंजिन मला विकणाऱ्या माणसाशी झालेलं बोलणं मी फोनमधून अजून पुसलेलं नाही. माझा पहिला मेसेज होता, "किती एचपीचं आहे?" आणि त्याचं उत्तर, "तुम्हाला किती हवंय दादा?" तेव्हा मला वाटलं, माणूस गिऱ्हाइकाची गरज ओळखून बोलतो.

आमची होडी २६ फुटी, फायबरची. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मालवणजवळच्या सर्जेकोटहून बाबा, मी आणि चुलतभाऊ बांगड्याच्या, सुरमईच्या जाळ्यांना जातो. मागच्या वर्षी होडी ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात आमचंच जाळं गुंडाळलं गेलं, इंजिन गपकन बंद. पाण्यात उतरून कोयत्याने जाळं कापेपर्यंत दुपार झाली. मालवणच्या बाजूला पाण्याखाली खडक किती आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. वाऱ्याने होडी तिकडे सरकत असली की पाच मिनिटंसुद्धा मोठी वाटतात. घरी आल्यावर ठरलं, की मागे एक छोटं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, टांगायचं. रोज चालवायला नाही, फक्त मोठं इंजिन रुसलं तर जेटी गाठायला.

नव्याचे भाव ऐकले आणि जुनं बघायचं ठरवलं. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, होडी वर ओढली, आणि मी रात्री फोनवर जाहिराती चाळायला लागलो. नावाजलेल्या जपानी कंपनीचं, टू-स्ट्रोक, १५ एचपी, 'परदेशातून आलेलं, नाममात्र वापर', ७८ हजार. शेवटी ७२ वर सौदा ठरला. दहा हजार आगाऊ मोबाइलवरून, बाकीचे बघून. बघून म्हटल्यावर फसवणूक कशी होईल, असा माझा हिशोब. शिवाय इंजिन पंधराचं, म्हणजे गरजेपेक्षा ताकद जास्तच.

मुंबईच्या बाजूला त्याची शेड होती. इंजिन पाण्याच्या पिंपात लावून ठेवलेलं. दोरी ओढली, पहिल्याच झटक्याला सुरू. मागून पाण्याची बारीक धार व्यवस्थित उडत होती, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालू. धूर बेताचा. दोरी ओढण्याआधी मी झाकणावर हात ठेवला होता, तर ते कोमट लागलं. वाटलं, उन्हाने असेल. शेडमध्ये ऊन नव्हतं हे गाडी घाट उतरत असताना डोक्यात आलं, पण तेव्हा ते मी मनावर घेतलं नाही. गरम इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होतं. थंड इंजिन किती वेळा ओढावं लागतं, ते बघायचं असतं. आणि पिंपात सगळीच इंजिनं शहाणी असतात. तिथे ना ओझं, ना लाट.

क्लॅम्पवर, म्हणजे इंजिन फळीला जिथे आवळतात त्या भागावर, मॉडेल आणि नंबरची पाटी असते. इथे नुसती दोन भोकं होती आणि त्यांत रंग भरलेला. मी विचारलं. तो म्हणाला, "पाटी कस्टमच्या कागदांबरोबर आहे, कुरियर करतो. आम्ही पण समुद्रावरचीच माणसं दादा, तुम्हाला फसवून जाणार कुठे?" मी मान हलवली. रंग इतका ताजा होता की स्क्रूच्या खाचा बुजलेल्या, रबरी नळीवरसुद्धा रंगाचे शिंतोडे. हे सगळं मला दिसत होतं. दिसूनही मी त्याला 'छान जपलंय' असं समजलो, यात त्याची कला किती आणि माझी हौस किती, कोण जाणे. पावतीवर लिहिलं होतं, 'जुनं आउटबोर्ड एक नग, आहे त्या स्थितीत'. एचपीचा आकडा पावतीवर कुठेच नव्हता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात डिझेलमध्ये पाणी गेलं आणि मोठं इंजिन बसलं. मी मोठ्या ऐटीत आउटबोर्ड खाली सोडलं. सुरू झालं. होडीने चार-पाच हात पाणी कापलं आणि मागून लाट आली. होडीचा मागचा भाग वर उचलला गेला, पंखा पाण्याबाहेर आला आणि इंजिन किंचाळायला लागलं. लाट गेली की परत पकड, पुढची लाट आली की परत किंचाळणं. पंधरा मिनिटांत आम्ही जेमतेम जागच्या जागी होतो, आणि इंजिनाच्या आवाजावर बाबांचा आवाज: "गप कर ता! जळात ता!" म्हणजे बंद कर, जळून जाईल. शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका होडीने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. जेटीवर कोणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी आमच्याकडचे मिस्त्रीकाका आले. त्यांनी आधी टेप काढला. आमच्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत साडेवीस इंच. इंजिनाचा दांडा, म्हणजे क्लॅम्प जिथे फळीवर बसतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्यापर्यंत, पंधरा इंच. तो पत्रा होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवा. आमचा साडेपाच इंच वर लटकत होता. आउटबोर्ड साधारण १५, २० आणि २५ इंच अशा मापांत येतात, मॉडेलच्या नावापुढे एस, एल किंवा एक्स असं अक्षर असतं. ते अक्षर असतं पाटीवर, आणि पाटी कस्टमच्या कागदांबरोबर.

मग काकांनी इंजिन एकट्याने उचललं आणि हसले. "ह्यां पंधराचां नाय रे. पंधराचां उचलताना कमर बोलता." जेटीवर मासळी तोलायचा काटा होता, त्याच्या हुकाला दोरीने इंजिन टांगलं. काट्यावर आले २७ किलो. काका म्हणाले, ह्या कंपनीचं टू-स्ट्रोक पंधराचं ३६ च्या आसपास भरतं, २७ म्हणजे आठचं. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पंधराच्यात तो ५६ असतो. खालच्या गिअरचा स्क्रू सैल केला तर तेल बाहेर आलं ते दुधाच्या चहासारखं. म्हणजे पाणी अडवणारं सील गेलेलं आणि खारं पाणी आत. तो स्क्रू सैल करायला दोन मिनिटं लागतात. मी शेडमध्ये चहा प्यालो, तेवढ्या वेळात चार वेळा झालं असतं.

आता मला सगळ्यात जास्त डाचतं ते सांगतो. काकांनी हिशोब मांडून दाखवला. पाण्यात आमच्या होडीची लांबी साधारण २४ फूट. अशी जड होडी साडेसहा नॉटच्या, म्हणजे तासाला साडेसहा सागरी मैलांच्या, पुढे नेटाने जात नाही, कितीही ताकद लावा, नुसतं पेट्रोल जळतं. संकटात चार नॉट मिळाले तरी आठ सागरी मैलांवरून दोन तासांत माणूस घरी. त्याला आठ एचपी पुरतं. फक्त दांडा लांब हवा आणि पंखा ओझं ढकलणारा, कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा हवा. विकणाऱ्याने दिलेला पंखा हलक्या, पळणाऱ्या होड्यांचा होता. म्हणजे मी पंधराचे पैसे मोजून आणलं आठचं, आणि खरं तर मला हवं होतं आठचंच. फोनवर पहिल्यांदा दांड्याचं माप विचारलं असतं, तर त्याच्याकडे पंधरा इंचांपलीकडे द्यायला काही नव्हतं. आपण ज्या आकड्याचे भुकेले असतो, तो आकडा झाकणावर चिकटवायला फार खर्च येत नाही.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "तुम्ही चालवून बघून नेलंय." दुसऱ्यांदा नंबर बंद. जाहिरात गायब. सुदैवाने बाबांच्या सांगण्यावरून मी जाहिरातीचा फोटो आधीच काढून ठेवला होता. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेपा घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही' असं कोणी म्हणालं तर घाबरू नका, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. मी मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद आणि काट्यावर लटकलेल्या इंजिनाचा व्हिडिओ जोडलाय. तो व्हिडिओ चुलतभावाने गंमत म्हणून काढला होता.

दिवाळीत बाबांनी झाकणावरचा १५ चा स्टिकर ब्लेडने खरवडला. खालचा रंग घासल्यावर जुन्या आकड्याची पुसट कड दिसली, ८ ची. सील बदलून ते इंजिन आता आम्ही खाडीतल्या लहान होडीला लावलंय. तिथे लाट नाही आणि फळीही बुटकी, त्यामुळे मस्त चालतं.

मोठ्या होडीसाठी पुन्हा शोध चालू आहे, आठचं, लांब दांड्याचं. या खेपेला चौघांना एकच मेसेज केला: 'क्लॅम्पपासून पत्र्यापर्यंत टेप लावून फोटो पाठवा, आणि नंबरच्या पाटीचा एक. मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.' तिघांचं उत्तर आलं नाही. चौथ्याने दोन्ही फोटो पाठवले, वीस इंच. रविवारी जातोय. गाडीत मासळीचा काटा ठेवलाय.