‘टर्न डाउन’ने ऑर्डर घालवली, मग हा क्लास लावला

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कोटेशनचं काम बघतो. एका पार्टीचा मेल आला, ‘वुई हॅड टु टर्न डाउन युवर कोटेशन.’ मला वाटलं, रेट खाली आणा म्हणताहेत. पाच टक्के कमी करून नवं कोटेशन धाडलं, वर फोन करून थँक्यूही म्हटलं. पलीकडचा माणूस गप्पच. आमचं कोटेशन त्यांनी नाकारलं होतं! साहेब अजून चहाच्या वेळी तो किस्सा काढतात.

म्हणून सिडकोतला हा संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास. दोन महिने, आठवड्यातून तीन दिवस, फी ३,५०० रुपये. जिना अरुंद, पार्किंग नाही, गाडी चौकातच लावा.

मॅडम मात्र एक नंबर. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: पोरगा मार्गी लागला, पोरगा नादी लागला. ‘लागणे’ तेच, पण एकात घरचे पेढे वाटतात, दुसऱ्यात कपाळाला हात लावतात. तसंच इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्सचं, म्हणजे क्रियापदाला ऑफ, आउट, डाउन असे शब्द लागून होणाऱ्या जोड्यांचं. ‘पुट’च घ्या. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं. सुट्या शब्दांवरून अर्थ लावायला गेलात की फसलात.

मग पुट ऑफला पोस्टपोन, पुट अप विथला टॉलरेट असा भारदस्त जोडीदार कशाला? मॅडम म्हणाल्या, १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच शिरली, पुढे लॅटिन शब्दही येत राहिले. घरची बोली साधीच राहिली. आपणही लग्न ‘पुढे ढकलतो’ आणि सरकारी कागदावर निर्णय ‘स्थगित’ करतो, तसंच ते. मला हे एकदम पटलं.

तक्रार आहे ती छापील नोट्सची. फ्रेझल व्हर्ब्सची ए टू झेड यादी आणि प्रत्येकापुढे एकच अर्थ. टेक ऑफपुढे नुसतं ‘रिमूव्ह’. मग विमान टेक ऑफ करतं ते काय काढून ठेवतं? शिवाय ‘टर्न इट डाउन’ म्हणायचं, ‘टर्न डाउन इट’ नाही, पण ‘लुक आफ्टर इट’ला मध्ये काही घुसवायचं नाही, ही खरी गोम नोट्समध्ये कुठेच नाही. ती मी मॅडमच्या तोंडून ऐकून वहीच्या मागच्या पानावर उतरवली.

चार तारे. पाचवा नोट्स बदलल्यावर.

गेल्या आठवड्यात त्याच पार्टीचा मेल आला, ‘वुई विल गेट बॅक टु यू.’ साहेबांनी मिश्किलपणे विचारलं, “काय, थँक्यू म्हणणार का?” म्हटलं, “नाही साहेब, नंतर कळवतो म्हणताहेत.”