पर्कोलेशन की स्पिन ग्लास? एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय निवडताना

नागपुरात भौतिकशास्त्र किंवा गणितात एम.एस्सी. करणाऱ्या आणि अव्यवस्थित (म्हणजे ज्यांच्या रचनेतच यादृच्छिकता असते अशा) प्रणालींवर प्रकल्प करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा दोन विषय येतात: पर्कोलेशन, म्हणजे जालकावरील जागा किंवा बंध यादृच्छिकपणे उघडत गेले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट केव्हा तयार होते हा प्रश्न, आणि स्पिन ग्लास, म्हणजे स्पिनांमधील आंतरक्रियांची चिन्हे यादृच्छिक असलेली चुंबकीय प्रणाली. ही निवड मलाही करावी लागली होती, आणि त्यासाठी दोन्हींची सिम्युलेशन्स मी घरच्याच संगणकावर चालवून पाहिली. आयझिंग प्रतिमान आणि प्रावस्था संक्रमण वाचकाला ठाऊक आहे असे धरून पुढे लिहितो.

वैचारिक खोलीचा विचार केला तर स्पिन ग्लासचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. 1975 साली एडवर्ड्स आणि अँडरसन यांनी, आणि त्याच वर्षी शेरिंग्टन आणि कर्कपॅट्रिक यांनी मांडलेल्या प्रतिमानांतून हा विषय उभा राहिला. पारिसी यांनी 1979 मध्ये सुचवलेली उकल गणिताच्या कसोटीवर सिद्ध व्हायला पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला. ग्वेरा यांच्या कामाच्या आधारे तालाग्राँ यांनी ती सिद्धता पूर्ण केली. प्रणालीच्या प्रतींची संख्या शून्याकडे नेण्याची पारिसी यांच्या उकलीतली युक्ती प्रथम वाचताना अंगावर काटा येतो.

पर्कोलेशनचा प्रश्न मात्र शाळकरी मुलालाही सांगता येतो. एवढ्यावरून कोणी त्याला सोपा विषय समजू नये. चौरस जालकावरील बंधांचे सीमामूल्य, म्हणजे बंध उघडा असण्याच्या ज्या संभाव्यतेपुढे जोडलेल्या बिंदूंचा अनंत समूह तयार होतो ते मूल्य, नेमके एक-द्वितीयांश आहे, हे 1957 मध्ये विषय मांडला गेल्यानंतर 1980 साली केस्टेन यांनी सिद्ध केले. आणि तीन मितींत नेमक्या सीमामूल्यावर अनंत समूह नसतो, हे सिम्युलेशनमध्ये दिसत असूनही आजवर कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

माझा निर्णय पर्कोलेशनच्या बाजूने झाला तो मात्र एका वेगळ्याच त्रासामुळे. स्पिन ग्लासमध्ये तापमान खाली आणले की प्रणाली समतोलाला पोहोचली की नाही, हे खात्रीने कळत नाही. ऊर्जेचा आलेख सपाट दिसतो, म्हणून सरासरी घ्यावी. मग चालवण्याचा अवधी दुप्पट करावा, तर सरासरी पुन्हा सरकलेली असते. पॅरलल टेम्परिंगने, म्हणजे वेगवेगळ्या तापमानांच्या प्रती एकत्र चालवून त्यांची अदलाबदल करत राहण्याने, पुष्कळ फरक पडतो, तरीही एखादा नमुना इतरांच्या कितीतरी पट वेळ घेतो, आणि त्याला वगळले तर निष्कर्षच एका बाजूला झुकतो. शिवाय आंतरक्रियांची यादृच्छिक मांडणी बदलून हे सारे शेकडो नमुन्यांवर करावे लागते. हाती आलेला आकडा भौतिकशास्त्राचा आहे की माझ्या अपुऱ्या धीराचा, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नसे.

पर्कोलेशनमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे समतोलाची वाटच पाहायची नसते. प्रत्येक नमुना स्वतंत्र असतो आणि तयार होताच पूर्ण असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला, कूलर लावूनही संगणक तापला आणि त्यात वीज गेली, तरी नुकसान होते ते फक्त हातातल्या नमुन्याचे. न्यूमन आणि झिफ यांची स्थाने एकेक करून भरत जाण्याची पद्धत वापरली की एकाच फेरीत भरलेल्या स्थानांच्या सगळ्या घनतांची आकडेवारी मिळते, आणि चौरस जालकावरील स्थानांचे 0.5927 हे सीमामूल्य साध्या लॅपटॉपवरही समाधानकारक अचूकतेने हाती लागते. आपला प्रोग्रॅम बरोबर आहे याची ती खात्री नव्याने शिकणाऱ्याला मोलाची वाटते, निदान मला तरी वाटली.

ज्याच्याजवळ स्पिन ग्लासमध्ये मुरलेले मार्गदर्शक आहेत, संस्थेच्या मोठ्या संगणकावर वेळ मिळतो आणि पुढे पीएच.डी. करण्याचा विचार पक्का आहे, त्याने माझ्या या झुकत्या मापाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. एक गोष्ट मात्र त्याने आधीच लक्षात घ्यावी. हिशेब आटोक्यात राहावा म्हणून दोन मितींचे एडवर्ड्स-अँडरसन प्रतिमान घेण्याचा मोह होतो, पण तेथे शून्याहून अधिक तापमानाला स्पिन ग्लासचे संक्रमण होतच नाही. ते पाहण्यासाठी तीन मितींत जावेच लागते, आणि समतोलाचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तोही तेथेच. पर्कोलेशनचे संक्रमण दोन मितींतच पूर्ण रूपात भेटते, आणि सीमामूल्याजवळ राशी कशा बदलतात हे सांगणारे तेथील 5/36 सारखे घातांक नेमके ठाऊक असल्याने आपल्या आलेखाचा उतार लगेच ताडून पाहता येतो.