पणजीतली एम थ्री आणि सिएरा: दोन मॉडेल गाड्यांचे परीक्षण

पणजीत १८ जून मार्गालगतच्या एका गल्लीत धातूच्या मॉडेल गाड्या विकणारे एक छोटे दुकान आहे. तिथून मी १:१८ प्रमाणातल्या दोन गाड्या घेतल्या: १९८७ सालच्या शर्यतीतली बीएमडब्ल्यू एम थ्री आणि तिची प्रतिस्पर्धी फोर्ड सिएरा आरएस ५००. टूरिंग कार, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींच्या त्या काळावर ज्यांचा जीव आहे, त्यांनी ही जोडी एकत्रच घ्यावी, कारण दोन्ही गाड्यांची घडण एकाच नियमावलीतून झाली आहे.

ग्रुप ए नावाच्या या नियमावलीप्रमाणे शर्यतीत उतरवायच्या गाडीचे बारा महिन्यांत ५,००० नग तयार करावे लागत. त्यानंतरच्या सुधारित आवृत्तीला मात्र ५०० नग पुरत. म्हणजे शर्यतीत जे हवे, ते रस्त्यावरच्या गाडीतच आधी घालावे लागे. एम थ्रीचे चौकोनी, बाहेर आलेले मडगार्ड रुंद टायरांसाठी आहेत. मागची काच साध्या थ्री सिरीजपेक्षा अधिक तिरकी आणि डिकीचे झाकण उंच आहे, ते मागच्या स्पॉयलरपर्यंत (गाडीला जमिनीकडे दाबून धरणाऱ्या पट्टीपर्यंत) हवा नीट पोहोचावी म्हणून. दुकानदारांनी साध्या थ्री सिरीजचे मॉडेल शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा काचेचा हा उतार किती अचूक साधला आहे ते लगेच लक्षात आले. बॉनेट उघडते आणि आतले चार सिलिंडरांचे इंजिनही मन लावून केलेले आहे.

सिएराची ताकद टर्बोत, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेत होती. आरएस ५००मध्ये मोठा टर्बो आणि इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांचा दुसरा संच घातला गेला. रस्त्यावर २२४ अश्वशक्ती देणारे तिचे इंजिन शर्यतीत ५००च्या पुढे जाई, तर एम थ्रीची मजल साधारण ३००पर्यंतच होती. तरीही १९८७चे टूरिंग कारचे जागतिक चालक विजेतेपद एम थ्रीच्या रोबेर्टो रावाल्याने मिळवले, आणि संघाचे विजेतेपद एगेनबर्गर संघाच्या सिएरांकडे गेले. एवढी अटीतटीची झुंज मला त्यानंतर क्वचितच दिसली आहे.

सिएराच्या मॉडेलबद्दल मात्र माझी तक्रार आहे. खोक्यावर केवळ १९८७ असे छापले आहे, शर्यतीचे नाव नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत पहिल्या दोन आलेल्या सिएरा पुढच्या मडगार्डांच्या नियमबाह्य बदलामुळे नंतर बाद झाल्या आणि विजय पीटर ब्रॉकच्या होल्डन कमोडोरला मिळाला. जिथे मडगार्डच्या कमानीवरून निकाल फिरला, तिथे हे मॉडेल नेमक्या कोणत्या शर्यतीतले, हे उत्पादकाने सांगायलाच हवे होते. शिवाय दारावरच्या एका स्टिकरची कड सुटू लागली होती. ते दाखवताच दुकानदारांनी कुरकुर न करता दुसरा नग काढून दिला.

इथल्या पावसाळी दमट हवेत अशा गाड्या जपणे सोपे नसते. या दुकानात त्या उन्हापासून दूर, बंद काचेच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवलेल्या असतात. हातात घेण्यासाठी सुती हातमोजेही देतात. किंमत चढी आहे, पण कामाच्या मानाने मला ती रास्त वाटली. एकच गाडी परवडत असेल, तर एम थ्री घ्यावी. दुकान दुपारी बंद असते, तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळीच जावे.