गवालिया टँक की गोरेगाव?

८ ऑगस्ट १९४२. गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीने ‘चले जाव’चा ठराव केला. साम्राज्य समोर होतं, कुणाला घालवायचं ते स्पष्ट होतं.

जानेवारी २००४ मध्ये मुंबईतच, गोरेगावात जागतिक सामाजिक मंच भरला, ब्राझीलबाहेर पहिल्यांदाच. भांडवली जागतिकीकरणाला विरोध करणाऱ्या जगभरच्या संघटना-चळवळींचा हा मेळावा. इथे ‘चले जाव’ म्हणायचं कुणाला? देशांना अटी घालून कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला? तिथे देशाच्या आर्थिक वाट्यानुसार मतांचं वजन ठरतं. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, म्हणून एकटी अमेरिका ते अडवू शकते. आपल्या मतपेटीची तिथे पोहोचच नाही! अशा सत्तेपुढे मंचाची सनद मात्र सर्वांच्या वतीने ठराव करूच देत नाही. तो मोकळेपणा मला मोलाचा वाटतो, पण लढ्यासाठी मी गवालिया टँकचीच रीत निवडेन. गोरेगावातच, रस्त्यापलीकडे भरलेल्या ‘मुंबई रेझिस्टन्स’ या समांतर मेळाव्याचाही आक्षेप हाच होता: नुसती चर्चा पुरत नाही.