हार्डटॉप सांभाळायला दिला, परत आला दुसराच

इंग्लंडात राहणाऱ्या आणि सुट्या हार्डटॉपची, म्हणजे हवा तेव्हा बसवायच्या-काढायच्या कडक टपाची (छपराची), गाडी असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. एप्रिल जवळ आला की जाहिराती दिसू लागतात: उन्हाळाभर तुमचा हार्डटॉप आम्ही सांभाळतो, घरून घेऊन जातो, ऑक्टोबरात आणून बसवून देतो. सगळेच लबाड असतील असं मी म्हणत नाही. पण आम्हाला ज्याने गंडा घातला त्याची रीत इतकी साधी आहे की ती कुणालाही जमेल.

आमची गाडी माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात निघालेली. कापडी टप तिला आहेच, पण थंडीत वरून हार्डटॉप बसवला की गाडी उबदार राहते आणि आतला आवाजही कमी होतो. वजन वीस किलोच्या आसपास. दोघांनी धरला तर सहज उचलतो, पण ठेवायचा कुठे? रीडिंगमधल्या आमच्या ओळीच्या घराला गॅरेज नाही. मागच्या अंगणातल्या लाकडी शेडच्या दारातून तो आत जात नाही. त्यामुळे ती जाहिरात आमच्यासारख्यांना नेमकी गाठते.

माणूस व्हॅन घेऊन आला. बोलायला अगदी नीट, टप उचलण्याची हातोटीही सराईत. निम्मे पैसे आगाऊ, तेही बँक ट्रान्सफरने. पावती दिली, तिच्यावर एवढंच: ‘एक हार्डटॉप, काळा.’ सगळी मेख या पावतीत होती. गाडीला नंबर असतो, चेसिस नंबर असतो, मालकीचे कागद असतात. हार्डटॉपला यातलं काहीच नसतं. गाडीपासून सुटला की तो नुसता एक काळा टप. शिवाय पहिल्या पिढीच्या एमएक्स-५चा टप दुसरीला बसतो आणि दुसरीचा पहिलीला, म्हणजे विकायला गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. आणि भाव चढतो तो थंडीच्या तोंडावर, सगळ्यांना टप हवा असतो तेव्हा. चांगला टप तेव्हाच विकायचा आणि मालकाच्या दारात कुठला तरी रद्दड रंगवून नेऊन ठेवायचा.

ऑक्टोबरात आला तो टपही काळाच होता, लांबून तर चकाचक. माझ्या नवऱ्याने कडेच्या रबरावरून बोट फिरवलं तर रबर कडक झालेलं, आणि त्याच्यावर रंगाचे बारीक शिंतोडे. रंग मारताना रबर झाकायचेही कष्ट घेतले नव्हते. मग मी मागची काच पाहिली. आमच्या काचेत दव घालवणाऱ्या तापत्या तारा होत्या. या काचेत एकही तार नाही. गाडीतला त्या तारांचा प्लग सीटमागे तसाच लोंबकळत राहिला, कारण जोडायला समोर काही नव्हतंच.

त्याने कानांवर हात ठेवले. म्हणे, ‘तुमच्या टपात तारा कधी नव्हत्याच.’ आमच्याकडे आदल्या जानेवारीतला एक फोटो होता. काचेवर दहिवर साचलंय आणि तारांच्या रेषांपुरतं ते वितळलंय, गाडीचा नंबरही स्पष्ट दिसतोय. तो दाखवल्यावर त्याने आणलेला टप परत व्हॅनमध्ये टाकला आणि निघून गेला.

नंतर सुरू झाल्या चोराच्या उलट्या बोंबा. मोबाइलवर संदेश: तुम्ही माल नाकारलात, आता दर आठवड्याचं भाडं चढतंय, भरलं नाही तर १९७७च्या कायद्याखाली बेवारस माल म्हणून विकून टाकीन. कायद्याचं नाव ऐकून पोटात गोळा येतो, आणि त्याचा डाव तोच असतो, तुम्ही घाबरून गप्प बसावं. म्हणून हे नीट सांगते. असा कायदा आहे, ‘टॉर्ट्स (इंटरफिअरन्स विथ गुड्स) ॲक्ट, १९७७’. न नेलेला माल विकायची मुभा त्यात आहे हेही खरं. पण आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीही नोंदणीकृत किंवा पोच नोंदवणाऱ्या (रेकॉर्डेड डिलिव्हरी) टपालाने. कोणता माल, कुठे ठेवलाय, किती येणं आहे, कधी विकणार, हे सगळं त्यात लिहावं लागतं. आणि पैशांची मागणी असेल तर विक्रीआधी किमान तीन महिन्यांची मुदत. विकल्यावरही रास्त खर्च आणि येणं वजा करून उरलेली रक्कम मालकाची. मोबाइलवरच्या धमकीला यात काडीचीही किंमत नाही. आणि आम्ही तर आमचा टप परत मागत होतो, तो बेवारस कसा?

पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे म्हणून सांगितलं. खरा आधार मिळाला तो सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचा. त्यांच्या सल्ल्याने आधी रीतसर मागणीचं पत्र पाठवलं, मग ऑनलाइन दावा लावला. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा असा दावा साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या सोप्या कोर्ट-प्रक्रियेत, चालतो, वकील लागत नाही. दाव्याला बळ दिलं त्या दहिवराच्या फोटोने. निकाल आमच्या बाजूने लागला, तसल्याच टपाची बाजारातली किंमत आणि दाव्याची फी. त्याने काही हप्ते भरले आणि पुढे थांबवले. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले नाहीत तर असा निकाल सहा वर्षं कोर्टाच्या निकालांच्या नोंदवहीत राहतो आणि कर्ज मिळवताना आडवा येतो, पण म्हणून पैसे आपोआप आपल्या खात्यात येत नाहीत. वसुलीसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी. आमचं ते अजून चालू आहे. आमचा टप कुणाच्या गाडीवर आहे कोण जाणे. मला याचाच फार राग येतो, कारण नवऱ्याने त्या टपाची रबरं दरवर्षी सिलिकॉन ग्रीस लावून मऊ ठेवली होती.

टप दुसऱ्याच्या हाती द्यायचाच असेल तर त्याच्यासमोर फोटो काढा: काचेच्या कोपऱ्यातला कारखान्याचा शिक्का, तारांचा प्लग, खिट्ट्या, आतलं कापड, प्रत्येक ओरखडा. हे सगळं पावतीवर लिहून घ्या आणि सही घ्या. आतल्या बाजूला अतिनील पेनने (ज्याची शाई फक्त अतिनील दिव्याखाली दिसते) स्वतःचा पोस्टकोड लिहा. जागा स्वतः जाऊन बघा. ‘गोदाम लांब आहे, तिथे कुणाला नेत नाही’ असं उत्तर आलं तर टप देऊ नका.

त्यापेक्षा घरीच सोय होते का ते बघा. आता दुसरा टप घेतलाय, तो जिन्याखाली चाकांच्या स्टँडवर उभा असतो. भार रबरावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर ते दबून पुढे पाणी गळतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा नाही, आत ओल धरते, सुती चादर पुरते. गॅरेज असेल तर छताला कप्पी लावून टांगता येतो. जुन्या मर्सिडीज एसएलचे टप बरेच जड असतात, त्यांना कप्पीच हवी.

ज्यांनी या वर्षी टप आधीच कुणाकडे दिलाय, त्यांनी ऑक्टोबरची वाट पाहू नका. याच आठवड्यात ‘बघायला येतो’ असं कळवा आणि जुने फोटो घेऊन जा. टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी लेखी मागणी करा, तारखेसह, आणि पत्र पाठवल्याची टपालाची पावती जपून ठेवा.