कॉन्टेस्ट की डिस्प्यूट? इंग्रजीत ‘मान्य नाही’ लिहायचं तर

मराठी मजकूर इंग्रजीत नेताना माझी गाडी सर्वांत जास्त वेळा अडली ती या दोन शब्दांपाशी. कोशातले अर्थ तुम्हाला ठाऊक असणारच, ते पुन्हा सांगत नाही. वारसाचा अर्ज, सोसायटीला पत्र, बँकेला उत्तर असं काही लिहायला बसलेल्या माणसाची अडचण वेगळी असते. समोरच्याचं म्हणणं आपल्याला मान्य नाही, मग यातला कोणता शब्द घ्यायचा? बरीच वर्षं मी कॉन्टेस्ट घ्यायचो. आता शक्यतो डिस्प्यूट घेतो.

त्याला कारण एकच घडलं. मोठ्या मामांच्या पंचाहत्तरीला आम्ही घरगुती स्मरणिका काढली आणि अमेरिकेतल्या नातवंडांसाठी तिचं इंग्रजी माझ्याकडे आलं. मामांनी साखर कारखान्याच्या संचालकपदाची निवडणूक दोनदा लढवली, दोन्ही वेळा थोडक्या मतांनी पडले. मी लिहिलं, ‘ही कॉन्टेस्टेड द इलेक्शन ट्वाइस’. आपल्याकडे वर्तमानपत्रं असंच लिहितात, कायद्यातही ‘कॉन्टेस्टिंग कँडिडेट्स’ हेच शब्द आहेत. शंका येण्याचं कारणच नव्हतं.

न्यू जर्सीहून नातवाचा फोन आला. “काका, आबांनी दोन्ही वेळा निकाल मान्यच नाही केला? कोर्टात गेले होते का?”

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आंघोळ उरकून, हातात नारळ घेऊन निवडून आलेल्या गृहस्थांच्या ओट्यावर गेले होते. मी तेव्हा त्यांच्याबरोबर होतो. त्या माणसाबद्दल माझ्या एका क्रियापदाने त्याच्या नातवाला बरोबर उलटं सांगितलं. ते मला फार लागलं.

मराठीत ही चूक होतच नाही. ‘निवडणूक लढवली’ आणि ‘निवडणुकीला आव्हान दिलं’, एवढ्याशा ‘ला’ने सगळा निवाडा होतो. इंग्रजीत दोन्हीकडे तेच तीन शब्द. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, त्यामुळे तिथल्या वाचकाच्या मनात कॉन्टेस्टचा हरकतीचा अर्थ आधी येतो. उच्चाराचाही उपयोग नाही. नाम असताना जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर हे खरं, पण हे दोन्ही अर्थ क्रियापदाचेच आहेत.

राजनारायण यांचं उदाहरण घ्या. 1971 साली त्यांनी रायबरेलीतून इंदिरा गांधींविरुद्ध निवडणूक लढवली, हरले, आणि मग तीच निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयात नेली. 12 जून 1975 रोजी न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी ती रद्द ठरवली. राजनारायण यांनी निवडणूक दोन्ही अर्थांनी कॉन्टेस्ट केली, आणि वाक्य एकच. अमेरिकेत 2000 साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांचंही तेच झालं, त्यांनी फ्लोरिडा राज्याचा निकाल कोर्टात नेला. तिथला फरक शेवटी 537 मतांचा ठरला. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात निकाल प्रमाणित होण्याआधीच्या हरकतीला ‘प्रोटेस्ट’ आणि नंतरच्या दाव्याला ‘कॉन्टेस्ट’ म्हणत. कायद्याने शब्दाची जागा नेमून दिली होती म्हणून तिथे घोळ नाही. आपल्या साध्या पत्राला असा आधार कुठून मिळणार?

मुळाशी गेलं की दोघांचे स्वभाव कळतात. कॉन्टेस्टच्या पोटात लॅटिनमधला साक्षीदार आहे. रोमन लोक साक्षीदार उभे करून दावा सुरू करत, तिथून हा शब्द आला. डिस्प्यूटच्या पोटात हिशोब मांडणं आहे. क्रेडिट कार्डाच्या बिलात न केलेली खरेदी दिसली की आपण ती रक्कम डिस्प्यूट करतो. भांडायचं नसतं, हा आकडा माझा नाही एवढंच सांगायचं असतं. माझ्या कानाला तरी डिस्प्यूटमध्ये अजून तो हिशोबाचा सूर ऐकू येतो.

डिस्प्यूटमध्येही एक खोट आहे. क्रियापद म्हणून तो सौम्य, पण नाम झाला की जड होतो. जमिनीच्या फेरफारावर एका भावाने तलाठ्याकडे साधी हरकत नोंदवली असेल आणि तुम्ही ‘देअर इज अ डिस्प्यूट’ लिहिलंत, तर बँक कोर्टकज्जा आहे असंच समजेल. तिथे मी कुणाची कोणत्या नोंदीला हरकत आहे ते ‘ऑब्जेक्शन’ शब्द वापरून सरळ लिहितो. मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र कॉन्टेस्टच रुळलेला आहे, तिथे हट्ट धरू नये. दोघांची संमती नसलेल्या घटस्फोटाला आपल्याकडचे वकील कॉन्टेस्टेडच म्हणतात, तेही तसंच राहू द्यावं.

मग चॅलेंज का नको, असं कुणी विचारेल. त्याचा विचार मीही केला होता. त्याचा अर्थ स्वच्छ आहे, कोर्टाच्या कागदात तो शोभतो. पण चुलत्याला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिताना दंड थोपटल्यासारखा वाटतो. कॉम्पिट तर या गल्लीतला नाहीच. तिथे बक्षीस एक आणि धावणारे अनेक, कुणी कुणाचं म्हणणं खोडत नसतो.

रायव्हल हा शब्द मला फार आवडतो. लॅटिनमध्ये रिव्हालिस म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभं राहिलेल्या कुणालाही हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि त्याच पाण्यासाठी राज्यं समोरासमोर आली तेव्हा सरकारने कोणता शब्द निवडला पाहा. 1956 चा कायदा आंतरराज्य नदी पाणी ‘डिस्प्यूट्स’चा, 1969 साली नेमलेला कृष्णा लवादही ‘डिस्प्यूट्स’ ट्रायब्युनल. पाण्याचा वाटा हा शेवटी हिशोबच असतो, त्यामुळे मला ती निवड अचूक वाटते.

तुम्ही कदाचित फक्त भारतातल्या वाचकांसाठी लिहीत असाल. मग निवडणुकीपुरता कॉन्टेस्ट बिनधास्त चालेल. पण कागद परदेशी जाणार असेल, किंवा घरातलीच पुढची पिढी तिकडे बसून तो वाचणार असेल, तर हरकतीसाठी डिस्प्यूट घ्या, आणि उमेदवारीसाठी इंग्लंडच्या वाचकाला ‘स्टूड फॉर’, अमेरिकेच्या वाचकाला ‘रॅन फॉर’ लिहा. बिनविरोध निवडून आले असतील तर ‘अनअपोज्ड’.

स्मरणिकेच्या वीस प्रती पुन्हा छापून घेतल्या. ‘रॅन फॉर द बोर्ड ट्वाइस अँड लॉस्ट’ एवढंच ठेवलं, आणि त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीच्या नारळाचं एक वाक्य वाढवलं.