नाशिकमधली एचएलए-बी२७ तपासणी : रक्त छान घेतात, नळी नीट सांभाळत नाहीत

सकाळी कंबर आखडते, पाठ दुखते म्हणून डॉक्टर एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी लिहून देतात. बी२७ हे एक जनुक; मणक्याला सूज आणणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजाराशी त्याचा संबंध आहे. कॉलेज रोडवरच्या एका संकलन केंद्रातल्या या सेवेबद्दल. रक्त इथे घेतात, तपासणी मुंबईला होते.

रक्त घेण्याचं काम चोख. उपाशी राहावं लागत नाही. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत ३ मिली रक्त घेऊन नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करतात. गुठळी झाली तर नमुना बाद, म्हणून हे महत्त्वाचं.

गडबड पुढे आहे. ही तपासणी फ्लो सायटोमेट्रीने होते, म्हणजे पेशींना चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडं चिकटवून यंत्र त्यांचा प्रकाश मोजतं. तीत जनुक नव्हे, तर त्या जनुकामुळे लिम्फोसाइटच्या (एक प्रकारची पांढरी पेशी) पृष्ठभागावर बनलेला रेणू तपासतात. त्याचे भाग तीन: प्रथिनाची जड साखळी, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे छोटं प्रथिन आणि साखळीच्या खोबणीत बसलेलं, बहुधा ९ अमिनो आम्लांचं पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा). पेप्टाइड निसटलं की शरीराच्या तापमानाला बीटा-२ सुटतं, साखळी उलगडते, पेशी ती आत ओढून मोडीत काढते आणि नवे रेणू वर पाठवते. नळीत पेशी मरू लागल्या की ही ये-जा कोलमडते. शिवाय मेलेली पेशी रंगीत प्रतिपिंड उगाचच चिकटवून घेते. म्हणून नळी १८ ते २५ अंशांत ठेवून लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत यंत्रावर जायला हवी. इथे ती बाकीच्या नळ्यांबरोबर थेट बर्फाच्या पॅकला टेकवून ठेवतात. शनिवारी संध्याकाळचा नमुना तर सोमवारपर्यंत पडून राहतो. हे सरळ चूक आहे.

अहवालात फक्त 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' एवढंच. यंत्राने मोजलेल्या प्रकाशतीव्रतेचा आकडा नाही, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारी सीमारेषा नाही, आलेखही नाही. एचएलए-बी७ हा रेणू बी२७शी इतका मिळताजुळता आहे की काही प्रतिपिंडं त्यालाही चिकटतात. त्यात अंगात दाह असेल तर इंटरफेरॉनमुळे (दाहात शरीर सोडतं ते प्रथिन) पेशीवर हे रेणू वाढतात आणि बी७ असलेला माणूस सीमारेषेजवळ जाऊन बसतो. अशा वेळी पीसीआरने डीएनए तपासणं हाच खात्रीचा उपाय. त्याला पेशी जिवंत असण्याची गरज नसते. केंद्र स्वतःहून हे सुचवत नाही, तुम्हीच मागा.

जनुक बदलत नाही, त्यामुळे स्पष्ट निकाल आल्यावर पुन्हा पैसे घालवू नका. पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नका. बी२७ असलेल्या बहुतेकांना मणक्याचा तो आजार होतच नाही. नमुना सोमवार ते गुरुवार सकाळी द्या आणि नळी बर्फात ठेवू नका, असं काउंटरवरच सांगा.